एन्लार्जरमधला काचेचा कॅरियर: कधी घालायचा, कसा घालायचा

एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून फोटोच्या कागदावर पाडणाऱ्या यंत्रावर, काढलेली प्रिंट मऊ, धूसर आली की पहिला संशय लेन्सवर जातो. मग कुणी मुंबईहून जुनी जर्मन लेन्स मागवतो, कुणी कॅमेऱ्याच्या नावाने बोटं मोडतो, आणि प्रिंट येते ती तशीच. चोर सोडून संन्याशाला फाशी. बहुतेक वेळा लेन्स चांगलीच असते, फिल्म सपाट बसलेली नसते. कॅरियरमध्ये, म्हणजे निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीत, ती कमान घेऊन राहते. मग मधला चेहरा फोकसमध्ये आणला की कोपरे सुटतात आणि कोपरे धरले की चेहरा धूसर होतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे फिल्म दोन काचांमध्ये दाबून धरणारा कॅरियर. पुस्तकात तो दोन ओळींत सांगून होतो, पण बेळगाव जिल्ह्यात तो सरसकट सगळ्यांना सांगता येत नाही. कणकुंबी-जांबोटीकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, अथणीकडे त्याच दिवसांत आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. निपाणीत तंबाखूच्या वखारींची बारीक धूळ, खानापुरात विटा-कौलांच्या भट्ट्यांची लाल माती. काचेचे दोन वैरी, ओल आणि धूळ, आपल्याकडे तालुक्यागणिक वेगळे भेटतात. तेव्हा काच घालायची की नाही हे आधी आपल्या एन्लार्जरवर तपासायचं, मग आपल्या हवेकडे बघून ठरवायचं. घरच्या न्हाणीघरात नाहीतर माळ्यावर नव्याने डार्करूम थाटणाऱ्यांनी ही कामं कोणत्या क्रमाने करावीत, ते पुढे सांगतो.

आधी थोडा हिशेब

एन्लार्जरमध्ये वर बल्ब, त्याखाली कंडेन्सर (उजेड एकवटणारी भिंगं) किंवा दुधी काच, त्याखाली निगेटिव्ह धरणारी चौकट, मग बेलोज (घडीचा भाता) आणि लेन्स, आणि तळाशी पाटावर कागद धरणारं ईझल. निगेटिव्हची ती चौकट म्हणजे कॅरियर. साध्या कॅरियरला मधे नुसती खिडकी असते आणि फिल्म कडांवर धरलेली असते. काचेच्या कॅरियरमध्ये त्या खिडकीला काच असते, कधी वरून, कधी खालून, कधी दोन्हीकडून.

आता ३५ मिमीच्या निगेटिव्हवरून ८ बाय १० इंची प्रिंट काढायची आहे असं धरा. २४ मिमीची बाजू ८ इंच, म्हणजे २०३ मिमी होते. साधारण साडेआठ पट. प्रिंटवर ०.१ मिमीहून जास्त धूसरपणा खपवून घ्यायचा नाही असा कडक नियम लावला आणि लेन्स एफ/८ वर ठेवली (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं तोंड बारीक), तर निगेटिव्हला आपल्या जागेवरून वर किंवा खाली सरकायला जेमतेम ०.१ मिमी मोकळीक उरते. फिल्म स्वतःच त्याहून जाड असते, सुमारे ०.१३ मिमी. लेन्स एफ/२.८ ला पूर्ण उघडी ठेवली तर ही मोकळीक ०.०४ मिमीच्याही आत येते.

गंमत पुढे आहे. त्याच एफ/८ ला कागदाच्या बाजूची मोकळीक निघते साडेसात मिलिमीटर! म्हणून फोकस बघताना ईझलवर त्याच जाडीचा कागद ठेवायचा की नाही, या वादात डोकं शिणवू नका. कागदाची पाव मिलिमीटर जाडी त्या साडेसातात कुठल्या कुठे हरवते. नवशिके ईझलपाशी जितका जीव टाकतात त्याच्या निम्मा जरी कॅरियरपाशी टाकला तरी प्रिंट सुधारते.

१२० फिल्मचं, म्हणजे ३५ मिमीपेक्षा रुंद रोलचं, गणित दिसायला सोपं वाटतं. ६ बाय ६ सेंमीच्या निगेटिव्हवरून ८ इंची चौकोनी प्रिंट म्हणजे साडेतीन पटीच्या थोडं वर, आणि मोकळीक ०.२८ मिमीपर्यंत मिळते. मात्र ती फिल्म रुंद असते, पाठीचं प्लास्टिकही पातळ असतं, त्यामुळे तिची कमानही मोठी. शिवाय तीच निगेटिव्ह १६ इंचांवर नेली की मोकळीक ०.१२ मिमीवर उतरते. म्हणून काचेची गरज ३५ मिमीपेक्षा १२० ला आधी लागते, आणि ४ बाय ५ इंची शीटला तर लागतेच.

त्यात बल्बची उष्णता. ७५ किंवा १५० वॅटचा दुधी बल्ब मिनिट-दोन मिनिटं जळाला की फिल्म तव्यावरच्या पापडासारखी एकदम उचलते. इंग्रजीत याला पॉप होणं म्हणतात, आपल्याकडचे जुने स्टुडिओवालेही तोच शब्द वापरतात. तुम्ही गार फिल्मवर फोकस केलेला असतो आणि एक्स्पोजर होतं ते गरम, उचललेल्या फिल्मवर. दोन प्रिंटपैकी एक शार्प आणि एक मऊ येत असेल तर हेच घडत असतं.

तपासणी: काच खरंच हवी आहे का?

आधी एन्लार्जर सरळ करा. गवंडी वापरतात तसली छोटी लेव्हल घ्या. पाटावर, निगेटिव्हच्या जागेवर आणि लेन्सच्या तोंडाशी, तिन्ही ठिकाणी बुडबुडा सारखाच बसला पाहिजे. टेबल स्वतः तिरकं असलं तरी हरकत नाही, फक्त तिन्ही पातळ्या एकमेकींशी समांतर हव्यात. आडवी लावून बघा, उभी लावून बघा. जुन्या एन्लार्जरचं डोकं एका बाजूला झुकलेलं असणं अगदी नेहमीचं, आणि तो दोष कितीही महाग काच घातली तरी जात नाही.

मग चाचणीची निगेटिव्ह तयार करा. रोल भरताना फिल्मचं जे टोक उजेडात येतं ते डेव्हलप झाल्यावर काळंकुट्ट होतं. त्यातला पूर्ण रुंदीचा एक फ्रेमभर तुकडा कापा. फिल्म उजेडात तिरकी धरलीत तर एक बाजू चकचकीत दिसेल आणि एक किंचित मंद. मंद ती इमल्शनची, म्हणजे चित्र उमटतं त्या थराची बाजू. त्या बाजूवर टाचणीने मधोमध एक आणि चारही कोपऱ्यांत एकेक बारीक फुली ओरखडा. काळ्या भिंतीवर खडूने रेघ मारावी इतकी ती फुली प्रकाशात उठून दिसते आणि तिच्या कडा चोख असतात. फोकस तपासायला याहून चांगली निगेटिव्ह विकत मिळायची नाही.

हा तुकडा इमल्शन खाली, लेन्सकडे करून साध्या कॅरियरमध्ये ठेवा. लेन्स पूर्ण उघडा. ग्रेन फोकसरमधून, म्हणजे ईझलवर ठेवून फिल्मचे दाणे मोठे दाखवणाऱ्या भिंगातून, मधली फुली धारदार करा आणि बल्ब तसाच चालू ठेवून बघत राहा. तीन-चार मिनिटांत फुलीची कड मऊ होत गेली किंवा एकदम सुटली, तर फिल्म पॉप होते आहे. कोपरे मात्र बहुतेक स्वस्त फोकसरमधून दिसत नाहीत, कारण त्यांचा आरसा तितक्या तिरक्या किरणांना पोचत नाही. त्यासाठी सरळ एक प्रिंट काढा आणि भिंगाखाली पाचही फुल्या बघा.

प्रिंट काय सांगते ते नीट वाचायला हवं. एकाच बाजूच्या दोन फुल्या मऊ असतील तर एन्लार्जर तिरका आहे, पुन्हा लेव्हल धरा. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर दोष फिल्मच्या कमानीचा असेल किंवा लेन्सचा. हे वेगळं करायची युक्ती सोपी. तोच तुकडा दोन स्वच्छ काचांमध्ये दाबून, नव्याने फोकस करून पुन्हा प्रिंट काढा. कोपरे सुधारले तर दोष कमानीचा होता. जसेच्या तसे राहिले तर लेन्स दोन स्टॉप बंद करून बघा, म्हणजे एफ/२.८ ची असेल तर एफ/५.६ ला. बहुतेक ५० मिमी एन्लार्जर लेन्स एफ/५.६ ते एफ/८ च्या मधे सगळ्यात चांगल्या चालतात.

पाचही फुल्या पहिल्याच प्रिंटमध्ये चोख आल्या आणि तुमचं काम ३५ मिमीवरून ८ बाय १० पर्यंतचंच असेल, तर काचेच्या नादी लागू नका. साधा कॅरियर, सपाट वाळवलेली फिल्म आणि एलईडी बल्बसारखा गार उजेड एवढ्यावर भागतं. (एलईडी घेताना मल्टिग्रेड, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे कॉन्ट्रास्टची ग्रेड बदलणाऱ्या कागदावर ग्रेड नीट बदलतात का ते मात्र एकदा तपासा, सगळ्या एलईडींचा निळा-हिरवा सारखा नसतो.)

काच कुठून आणायची

कंपनीचा काचेचा कॅरियर मिळाला तर उत्तम. पण जुना एन्लार्जर घेतला की कॅरियर हरवलेला असतो हे जवळजवळ ठरलेलंच. मग देवादिकांच्या तसबिरी मढवणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे २ मिमीची साधी फ्रेमची काच असते, हव्या त्या मापाला तो कापून देतो. तो विचारेल, "एवढ्याशा तुकड्याला काय करतासा, मामा?" तर सांगून टाका, नाहीतर तो उरलंसुरलं ओरखड्यांचं तुकाडं देईल. काच उजेडाकडे तिरकी धरून आत बुडबुडा किंवा लाट नाही ना ते बघून घ्या. कापलेल्या कडा पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून बोथट करा. अंधारात हीच कड बोट कापते आणि तिच्यातून सुटलेली काचेची कणी निगेटिव्हवर रेघ ओढते.

वरच्या काचेसाठी अँटी-न्यूटन काच लागते. तिचं कारण पुढे येतंच. ती फोटोच्या जुन्या सामानात किंवा स्कॅनरच्या फिल्म होल्डरसाठी सुटी विकायला असते. जुन्या काचेच्या स्लाइड माउंटमध्येही ती सापडते, ३५ मिमीला तेवढी पुरते. फ्रेमवाल्याकडची चमक न मारणारी काच तात्पुरती चालवून बघणारे आहेत, पण तिचा खरखरीतपणा जाड असतो आणि कंडेन्सरच्या एन्लार्जरमध्ये आकाशाच्या मोकळ्या भागावर तो दाणेदार डाग पाडतो. माझं मत विचाराल तर वर ती काच घालण्यापेक्षा साधा कॅरियर बरा.

चौकटच नसेल तर बेळगावात एक सोय आहे, जी मोठ्या शहरांतल्या हौशी मंडळींना सहजी मिळत नाही: उद्यमबाग. तिथे फाउंड्र्या आहेत, मिलिंग-टर्निंगची लहान वर्कशॉप आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत खिडकी काढणं आणि काच बसायला खाच मारणं हे त्यांच्या हातचं काम. मराठीत सांगा, कानडीत सांगा, पण मापं कागदावर मिलिमीटरमध्ये काढून न्या. तीन गोष्टी ठासून सांगा: खाचेचा तळ सपाट हवा, खाच काचेच्या जाडीपेक्षा किंचित उथळ हवी म्हणजे काच वर राहून फिल्मला टेकेल, आणि सगळ्या कडांची बरी (कापताना राहिलेली धातूची धारदार कोर) काढून हवी. घरी आणल्यावर आतून काळा मॅट रंग द्या.

इंद्रधनुषी रिंगा आणि काचेची बाजू

गुळगुळीत काच आणि फिल्मची गुळगुळीत पाठ एकमेकींना जवळजवळ टेकल्या की मधे हवेचा अतिशय पातळ थर राहतो, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाचा. दोन्ही पृष्ठांवरून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतो आणि काही ठिकाणी वाढतो, काही ठिकाणी मरतो. यातून वेड्यावाकड्या वर्तुळांच्या रेघा तयार होतात, न्यूटनच्या रिंगा. रस्त्यावर सांडलेल्या तेलात दिसणारे रंग याच जातीचे. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमध्ये त्या राखाडी लाटांसारख्या येतात, बहुधा आकाशात नाहीतर गालावर, म्हणजे जिथे लपायला काही नसतं तिथेच.

इमल्शनची बाजू किंचित खरखरीत असल्यामुळे तिथे रिंगा सहसा येत नाहीत. येतात त्या पाठीच्या चकचकीत बाजूला. एन्लार्जरमध्ये इमल्शन खाली आणि पाठ वर बल्बकडे असते, म्हणून अँटी-न्यूटन काच वर घालायची. तिची एक बाजू अगदी सूक्ष्म खरखरीत केलेली असते, ती फिल्मला टेकली पाहिजे. कोणती ते ओळखायला काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. ज्या बाजूत ट्यूब चोख दिसते ती साधी, जिच्यात ट्यूबची कड विरघळल्यासारखी दिसते ती खरखरीत. काचेच्या एका कोपऱ्यावर, खिडकीच्या बाहेर, मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे अंधारात शोधाशोध नको.

खालची काच साधी आणि स्वच्छच हवी. तिच्यातून चित्राचे किरण लेन्सकडे जातात, तिथे खरखरीत काच घातली तर तिचा पोत प्रिंटमध्ये उतरू शकतो. काही गुळगुळीत इमल्शनच्या नव्या फिल्म्सना खालूनही रिंगा येतात. अशा वेळी खालची काच काढून टाकायची आणि नुसती वरची ठेवायची.

हा एका काचेचा मार्ग मला नवशिक्यासाठी सगळ्यात आवडतो. फिल्मचा नैसर्गिक वळसा इमल्शनच्या बाजूला असतो. इमल्शन खाली ठेवलं की कडा खाली आणि पोट वर उचललेलं राहतं. वरची काच ते पोट दाबून धरते. १२० ला एवढ्याने बहुतेक काम होतं. आणि धुळीचा हिशेब लावला तर साध्या कॅरियरला फिल्मच्या दोनच बाजू पुसायच्या, एका काचेला चार, दोन काचांना सहा.

सहा बाजूंची धूळ

सगळी धूळ सारखी नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूवरचा कण फिल्मपासून २ मिमी लांब असतो, म्हणजे फोकसच्या बराच बाहेर. दुधी काचेच्या मऊ उजेडात तो बहुतेक दिसतच नाही, कंडेन्सरमध्ये लेन्स बरीच बंद केली तर पुसटसा डाग उमटतो. फिल्मला टेकणाऱ्या आतल्या बाजूंवरचा कण मात्र फोकसमध्येच बसलेला असतो आणि प्रिंटवर पांढरा ठिपका होऊन येतो. म्हणून वेळ कमी असेल तर आतल्या बाजूंना द्या.

कामाआधी तासभर फरशीवरून ओलं फडकं फिरवा आणि पंखा बंद करा. खानापूरकडच्या लाल मातीला कोरड्या झाडूने हात लावलात तर ती अर्धी रात्र हवेतच राहते. निपाणीसारख्या ठिकाणी डार्करूमच्या खिडकीच्या फटीला ओल्या कापडाची गुंडाळी लावणं बरं. अंगात सुती कपडे असावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी होते, तेव्हा सिंथेटिक स्वेटर घालून काच पुसाल तर अंगावरची धूळ ओढून घेऊन ती बसेल.

काच धुवायची तर आधी साबणाच्या पाण्याचा एक थेंब आणि भरपूर साधं पाणी, वाळल्यावर शेवटचा हात आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या मायक्रोफायबरने. कोरड्या कापडाने जोरजोरात घासू नका, घासल्याने काचेत वीज भरते आणि ती कण ओढते. पुसल्यावर मिनिटभर थांबा, मग रबरी फुंकणीने हवा मारा. तोंडाने फुंकर कधीच नको, थुंकीचा सूक्ष्म तुषार काचेवर वाळला की कणापेक्षा वाईट. जुने रिटचिंगवाले पाठीवरच्या ओरखड्यात नाकाशेजारचं तेल बोटाने भरत, आणि साध्या कॅरियरमध्ये ती युक्ती चालते. काचेच्या कॅरियरमध्ये ते तेल काचेला लागतं आणि पुढच्या चार निगेटिव्हना पुरतं.

तरीही ठिपका आलाच तर तो कुठला हे शोधायला फिल्म कॅरियरमध्ये दोन मिलिमीटर सरकवा. ईझलवर ठिपका चित्राबरोबर सरकला तर तो फिल्मवर आहे, जागच्या जागी राहिला तर काचेवर. प्रिंटवरची काळी रेघ म्हणजे इमल्शन खरवडलं गेलंय, ती पुसून जायची नाही. पांढरी रेघ बहुधा पाठीवरचा ओरखडा किंवा चिकटलेला धागा असतो.

फिल्म भरण्यापासून एक्स्पोजरपर्यंत

कॅरियर टेबलावर उघडा, खालची काच जागेवर बसवा, फुंकणी मारा. फिल्म कडांनी धरून इमल्शन खाली ठेवा, पुन्हा फुंकणी. वरची काच एका कडेवरून हळूच टेकवत आणा. सपाट एकदम आपटली तर मधे हवा कोंडते आणि रिंगा येतात. मग कॅरियर तिरका धरून ट्यूबलाइटच्या उजेडात वरून बघा. रिंगा असतील तर इथेच दिसतील, कागद वाया घालवायची गरज नाही. दिसल्या तर काच उचलून पुन्हा टेकवा, दाबून सरकवू नका.

फिल्मभोवती उघडी काच राहिली तर तिथून सुटलेला उजेड लेन्समध्ये शिरतो आणि प्रिंटचा काळेपणा मारतो. ६ बाय ९ च्या कॅरियरमध्ये ३५ मिमी छापणाऱ्यांना हा त्रास नक्की होतो. काळ्या चार्ट पेपरचा मास्क कापा, पण तो दोन काचांच्या मधे घालू नका. कागद फिल्मपेक्षा जाड निघाला तर काच फिल्मला टेकतच नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो. मास्क खालच्या काचेच्या खाली किंवा वरच्या काचेच्या वर चिकटवा.

फोकस नेहमी काच घालूनच करा. फिल्मखालची २ मिमीची काच फोकस सुमारे ०.७ मिमीने सरकवते, आणि आपली सगळी मोकळीक ०.१ मिमी आहे हे वर पाहिलंच. काच काढली, घातली, बदलली की पुन्हा फोकस. लेन्स उघडी ठेवून ग्रेन फोकसरमध्ये ग्रेन चोख करा, मग लेन्स एफ/८ ला बंद करून पुन्हा एकदा बघा, कारण काही जुन्या लेन्सचा फोकस बंद करताना किंचित हलतो. हललाच तर एफ/८ ला दिसतो तोच खरा धरा.

काच असली तरी पहिलं एक्स्पोजर करण्याआधी बल्ब मिनिटभर चालू ठेवा. साध्या कॅरियरवर काम करणाऱ्यांना तर हा नियमच: लेन्सखाली लाल फिल्टर ओढा (त्या उजेडाने कागद उमटत नाही), फिल्म गरम होऊन एकदा पॉप होऊ द्या, त्या अवस्थेत फोकस करा, कागद ठेवा आणि फिल्म गार व्हायच्या आत एक्स्पोजर द्या. फिल्टर ओढताना एन्लार्जर थरथरतो, म्हणून लेन्ससमोर आधी काळं पुठ्ठं धरून मग फिल्टर बाजूला करावा आणि थरथर थांबल्यावर पुठ्ठं काढावं. बस-ट्रकचा रस्ता घराला लागून असेल तर शार्पनेसचा विचार करताना तेही ध्यानात घ्या. माझी मोठी प्रिंटं रात्री अकरानंतरच होतात, त्याचं कारण हौस नाही, हायवे.

पावसाळ्यातले दिवस

ओल्या हवेत इमल्शनमधलं जिलेटिन पाणी पिऊन फुगतं, मऊ होतं आणि काचेला चिकटू बघतं. रिंगांचं प्रमाणही याच दिवसांत वाढतं. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर दोन काचांचा कॅरियर वापरूच नये असं मी सांगेन. वरची एकच अँटी-न्यूटन काच आणि खाली मोकळी खिडकी, एवढंच. बेळगाव शहरात थोडी सवलत आहे, अथणी-रायबागकडे तर बारा महिने दोन काचा चालवा, तिकडे धुळीपुरती काळजी.

कॅरियर आणि काचा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं, फक्त ती कढई नंतर स्वयंपाकात नेऊ नका. निगेटिव्हची त्या दिवशीची पट्टीही कामाआधी तासभर त्याच डब्यात राहू द्या. सुरुवात करताना रिकामा कॅरियर एन्लार्जरमध्ये घालून बल्ब पाच-दहा मिनिटं चालू ठेवला की काच कोमट आणि कोरडी होते, मग फिल्म भरा.

आणि लाईट गेली म्हणून निगेटिव्ह काचेत तशीच ठेवून झोपायला जाऊ नका. रात्रभर दाबलेलं ओलसर इमल्शन सकाळी काचेला धरलेलं सापडतं. तसं झालंच तर ओढू नका. काचेसकट ती साध्या पाण्याच्या तबकात बुडवून ठेवा आणि आपसूक सुटेपर्यंत वाट बघा, मग एक थेंब वेटिंग एजंट (पाण्याचे डाग पडू न देणारं द्रावण) घातलेल्या पाण्यातून काढून नेहमीसारखी टांगून वाळवा.

आजोबांच्या पेटीतल्या निगेटिव्ह

काचेचा कॅरियर हाताशी आला की घरातल्या जुन्या, गुंडाळी झालेल्या निगेटिव्ह छापायचा मोह होतो. काचेच्या प्लेटवरच्या असतील तर त्यांना कॅरियरची काच लागतच नाही, त्या स्वतःच सपाट असतात. फक्त प्लेटच्या कडा आणि इमल्शन सुटत तर नाही ना ते बघा. फिल्मवरच्या असतील तर कडेला छापलेलं इंग्रजीतला 'सेफ्टी' हा शब्द शोधा. तो असेल तर फिल्म अ‍ॅसिटेटची आहे, पण ती कडक झालेली असेल तर काचेखाली एकदम दाबू नका, तडकेल. आधी जड पुस्तकाखाली काही दिवस सपाट होऊ द्या.

तो शब्द नसेल आणि फिल्म विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली असेल, तर ती नायट्रेटची असण्याची शक्यता धरून चाला. नायट्रेट फिल्म भडका घेऊन जळते, पाण्याखालीही विझत नाही. पिवळी पडलेली, चिकट झालेली किंवा उग्र वास मारणारी असेल तर अधिकच जपून. अशी निगेटिव्ह गरम एन्लार्जरमध्ये, तीही दोन काचांत कोंडून, कधीच घालू नका. गार एलईडी लाइट टेबलवर ठेवून कॅमेऱ्याने तिची प्रत घ्या, आणि मूळ फिल्म घरातल्या बाकी निगेटिव्हपासून दूर, हवेशीर आणि थंड जागी सुटी ठेवा.